पाव तासाच्या मधलं रडणं

बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या दळवींच्या घरी पावडरच्या दुधाचा डबा फ्रिजवर ठेवलेला होता, सील न फोडता. तो उघडायचा की नाही, हे दोन आठवड्यांनी ठरायचं होतं. डबा आणला होता शालिनीबाईंनी. त्यांची सून यशश्री बाळाला अंगावर पाजत होती आणि तिला पुढेही तेच करायचं होतं. बाळ, म्हणजे अवंती, सहा आठवड्यांची होती आणि रडत होती.

सासूचं म्हणणं, दूध पुरत नाही. सुनेचं म्हणणं, पुरतं. पण ते म्हणताना तिचा आवाज रोज थोडा खाली येत होता. मुलगा तन्मय सकाळी कारखान्यात जायचा तो संध्याकाळी यायचा आणि दोघींचंही बरोबर आहे असं सांगायचा. राहिले विश्वंभर दळवी, वय वर्षं अडुसष्ट. त्यांनी मत दिलं नाही. ते म्हणाले, "आधी रिडिंग घेऊ."

विश्वंभर तेहतीस वर्षं कोयलीच्या रिफायनरीत फील्ड ऑपरेटर होते. त्यांचे वडील रत्नागिरीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले आणि परत गेले नाहीत. विश्वंभरांचा जन्म इथलाच. घरात मराठी, बाहेर गुजराती, प्लांटमध्ये हिंदी, अशी त्यांच्या बोलण्याची वाटणी होती. फील्ड ऑपरेटरचं काम म्हणजे हातात पाटी आणि तिला लावलेला कागद घेऊन ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेनं फिरायचं, प्रत्येक गेजसमोर थांबायचं, आकडा लिहायचा आणि पुढे जायचं. आकडा अंदाजानं लिहायचा नाही, मागचा पाहून लिहायचा नाही, आणि वेळ चुकवायची नाही. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. सोसायटीच्या टाकीतलं पाणी, गॅलरीतलं तापमान आणि दुधाची पिशवी किती वाजता आली, हे ते एका वहीत लिहीत. वहीचा उपयोग काय, असं शालिनीबाईंनी एकदा विचारलं होतं. "काही बिघडलं तर कळेल कधी बिघडलं ते," असं उत्तर मिळालं. आठ वर्षांत टाकी एकदाच गळली आणि तेव्हा कधीपासून ते त्यांनी तारखेसह सांगितलं.

तेव्हा बाळाच्या रडण्याचा तक्ता भरायचा आहे असं कळल्यावर तो कोण भरणार, हा प्रश्न घरात निघालाच नाही.

तक्ता घेऊन आली मोहना. दीड महिन्याच्या लशीच्या वेळी दवाखान्यात एका संशोधनासाठी नावं घेत होते, त्यात यशश्रीनं नाव दिलं होतं. लहान बाळ रडलं की घरातली माणसं आधी काय करतात, आणि लगेच दूध न देता दुसरं काही करून पाहिलं तर काय होतं, एवढाच त्या संशोधनाचा विषय. मोहना घरोघर जाऊन तक्ते देई, बाळांची वजनं घेई. स्कूटरवरून उतरून ती दोन मजले चढून आली. दार उघडल्यावर ती आणि शालिनीबाई पाचेक मिनिटं गुजरातीत बोलल्या. मग मोहनाचं लक्ष भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे गेलं.

"अय्या, तुम्ही मराठी?"

"मग काय! आणि मी तुला मोहनाबेन मोहनाबेन करतेय. कुठली गं तू?"

"कारेलीबागची."

"आमच्या सुनेचं माहेर तिथलंच. बस. चहा घेशील ना?"

वजन झालं. चार किलो दहा ग्रॅम. मोहनानं टेबलावर कागद पसरला. एका दिवसाची एक आडवी पट्टी, तिच्यात पाव पाव तासाच्या शहाण्णव चौकटी. झोप, शांत जाग, रडणं, दूध, अशा चार खुणा. पहिला आठवडा नुसतं लिहायचं. दुसऱ्या आठवड्यात मोहना सांगेल ते करून पाहायचं आणि लिहायचं. खूण कशी करायची, रेघ कुठून कुठपर्यंत ओढायची, हे ती नीट समजावत होती. विश्वंभरांनी पाव तासाच्या चौकटी पाहिल्या आणि पुढचं ऐकायची त्यांना गरज वाटली नाही. असे कागद त्यांनी हजारोंनी भरले होते.

"आणि डबा?" शालिनीबाईंनी विचारलं.

"त्यावर मी काही सांगू शकत नाही, काकू. ते डॉक्टरांचं काम. ते काय म्हणाले?"

"म्हणाले वजन ठीक आहे. पाच मिनिटं बघितलं त्यांनी. मी दिवसभर बघते."

शेवटी यशश्रीच म्हणाली, "आई, दोन आठवडे थांबू. तिसऱ्या सोमवारी तक्ता बघू. त्यात दूध कमी दिसलं तर मी स्वतः डबा फोडीन."

असं ते ठरलं.

सकाळी सहा ते रात्री दहा ही पाळी विश्वंभरांची. रात्रीची नोंद यशश्री फोनमध्ये करी आणि सकाळी कागदावर उतरवी. विश्वंभरांनी मनगटावरचं घड्याळ मिळवून घेतलं आणि पाळण्याजवळ खुर्ची टाकली. दर पाव तासाला ते उठत, बाळाकडे पाहत, खूण करत. पेपर वाचताना, जेवताना, सोसायटीच्या सेक्रेटरीशी पार्किंगवरून वाद घालतानासुद्धा. एकदा ते आंघोळीला गेले असताना पावणेआठ झाले, तर आतूनच ओरडले, "काय करतेय?"

"झोपलीय!" शालिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आणि मग हलकेच, "आपण हिला रिफायनरीत भरती केलीय बहुतेक."

शनिवारी त्यांनी बेरीज केली. दिवसाच्या पाळीत बाळ सरासरी सतरा वेळा दुधावर दिसत होतं. रडण्याच्या खुणा दिवसाला दोन, फार तर तीन.

शालिनीबाईंनी तक्ता हातात घेतला. "सतरा! म्हणजे तासाला एकदा. पोट भरत असतं तर दर तासाला कशाला लागलं असतं?"

यशश्री जवळच कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "बाबा, रडणं दोनदाच? ती सारखी रडते."

"रिडिंगच्या वेळी रडत नव्हती."

"पण रडते ना!"

"मी लिहिलंय ते डोळ्यांनी बघून लिहिलंय, बेटा."

ते खरं होतं आणि तिला माहीत होतं. तिनं घडी घातलेलं दुपटं उलगडलं आणि पुन्हा घातलं. त्या संध्याकाळी तन्मय घरी आल्यावर तिनं त्याला विचारलं, डबा फोडायचा तर पाणी उकळून किती गार करायचं असतं, ते डब्यावर बघशील का. तन्मयनं विचारलं, "ठरलं का?" ती म्हणाली, "तक्ताच तसं सांगतोय."

दुसऱ्या सोमवारी मोहना आली. वजन चार किलो दीडशे ग्रॅम. तिनं आकडा लिहिला आणि तक्ता उलगडला. वरून खाली पाहत तिनं एका पट्टीवर बोट ठेवलं.

"रात्रीचं कोण लिहितं?"

"मी," यशश्री म्हणाली.

"एक वाजून सात मिनिटं. तीन बावन्न. चार अकरा. आणि सकाळी सहानंतर सगळं पाव, अर्धा, पाऊण. काका, ही मुलगी दिवसा घड्याळ बघून भूक लागल्याचं सांगते का?"

"रिडिंग वेळेवरच घेतात," विश्वंभर म्हणाले.

"म्हणजे सव्वाचारला तुम्ही बघता. आणि सव्वाचार ते साडेचारच्या मध्ये?"

"मध्ये काय?"

"मध्ये ती रडली तर?"

"साडेचारला रडत असेल तर लागेल ना कागदावर."

मोहनानं पेन खाली ठेवलं. तिनं पहिल्या दिवशी सांगितलेलं पुन्हा सांगितलं. चौकट म्हणजे पाहायची वेळ नव्हे. ती मोजपट्टी. रडणं सुरू झालं तिथून रेघ सुरू, थांबलं तिथं संपली. चार अठराला सुरू होऊन चार बावीसला थांबलेलं रडणं यांच्या कागदावर नव्हतंच. साडेचारला बाळ आईजवळ असे आणि कागदावर दूध लागे. दूध आधी की रडणं आधी, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नव्हता. वीस मिनिटं ओढून प्यायलेलं दूध आणि तीन मिनिटं तोंडात धरून झोपलेलं बाळ, दोन्हींची खूण एकच.

"दिवसाचा आठवडा मला बाद करावा लागेल, काका. रात्रीचा ठेवते."

तेहतीस वर्षांत त्यांचा एकही कागद बाद झाला नव्हता. ते शालिनीबाईंना माहीत होतं. त्या चहा गाळायच्या थांबल्या.

विश्वंभर उठून गॅलरीत गेले आणि थोड्या वेळानं परत आले. "प्लांटमध्ये दोन कागद असतात," ते म्हणाले. "एक रिडिंगचा, तासाचा. दुसरा अलार्मचा. कुठला अलार्म कितीला वाजला, कोणी काय केलं, कितीला थांबला. तुला तो दुसरा हवा होता."

"हो."

"मग असं म्हणायचं."

"पुढच्या घरात असंच म्हणते," मोहना म्हणाली, आणि चहा आला.

त्यांनी तिच्या शब्दावर मात्र विश्वास ठेवला नाही. त्याच दिवशी दुपारी तीनपासून सहापर्यंत ते दोन कागद घेऊन बसले. एकावर पाव तासाच्या खुणा, दुसऱ्यावर मधलं सगळं. सहा वाजता दोन्ही शेजारी ठेवले. पहिल्या कागदावर रडणं एकदा. दुसऱ्यावर सहादा, प्रत्येक वेळी तीन ते सहा मिनिटं. सहाही वेळा शालिनीबाईंनी "भूक लागली तिला" म्हटलं होतं आणि बाळ यशश्रीकडे गेलं होतं. सहापैकी चार वेळा आधीचं दूध पिऊन तास झालेला नव्हता. त्या चारही वेळा ती पाच मिनिटांच्या आत ओढायची थांबली होती. विश्वंभरांनी पहिला कागद घडी करून खिशात घातला. तो त्यांनी फेकला नाही.

दुसऱ्या आठवड्याची पद्धत मोहना सांगून गेली होती. बाळ रडलं की आधी भुकेच्या खुणा पाहायच्या. मान वळवून तोंड उघडतंय का, मूठ चोखतंय का, जीभ बाहेर येतेय का. दिसल्या तर थांबायचं नाही, पाजायचं. दूध पिऊन दीड तास झाला नसेल आणि खुणाही नसतील, तर आधी दुसरं काही. लंगोट बघायचा, दुपट्यात गुंडाळायचं, उचलून न थांबता पाच मिनिटं चालायचं, मग बाळाला घेऊन तेवढाच वेळ बसायचं, आणि नंतर पाळण्यात ठेवायचं. नाहीच थांबलं, तर पाजायचं. रडणं ही भुकेची सगळ्यात शेवटची खूण असते, असंही ती म्हणाली होती. विश्वंभरांना ते लगेच पटलं. अलार्म वाजतो तो शेवटी. काटा त्याच्या आधीपासून सरकत असतो.

"आणि एक," मोहना जाता जाता म्हणाली होती. "बहुतेक मुलं पाच-सहा आठवड्यांची असताना सगळ्यात जास्त रडतात. विशेषतः संध्याकाळी. पुढे कमी होत जातं."

"का?"

"पक्कं कोणालाच माहीत नाही."

"पण माहेरी होती तेव्हा इतकी नव्हती रडत," शालिनीबाई म्हणाल्या. "इथं आल्यापासून."

"काकू, सव्वा महिन्यानं आणलंत ना घरी? मी जाते त्या सगळ्या मराठी घरांत सव्वा महिन्यानंच आणतात. बाळाचं रडणं चढायला आणि त्यानं सासरच्या घरात यायला एकच गाठ पडते. मग कोणी म्हणतं दृष्ट लागली, कोणी म्हणतं पाणी बदललं, कोणी म्हणतं दूध आटलं."

यशश्रीनं तेव्हा मान वर करून पाहिलं होतं. सव्वा महिना तिच्या मनातही होता; तिचा हिशेब असा की माहेरी आई खायला घालायची म्हणून दूध होतं.

विश्वंभरांनी चालायची वाट आखली. पुढची खोली, बोळ, स्वयंपाकघराचं दार, गॅलरी आणि परत. तेवीस पावलं. पहिल्या दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की बाळ चालताना गप्प असतं आणि गॅलरीच्या दाराशी वळताना कुरकुरतं. त्यांनी ते लिहिलं. तिसऱ्या दिवशी वाट बदलली आणि जेवणाच्या टेबलाभोवती गोल चालले. वळणच नाही. कुरकुर थांबली. "टेबलाभोवती गोल, उजवीकडून" असं त्यांनी शेऱ्यात लिहिलं. उजवीकडून का, ते लिहिलं नाही. डावीकडून फिरलं की खांद्यावरच्या बाळाचा कान फ्रिजकडे येई, आणि त्याची मोटर मधूनच धडधडून सुरू व्हायची.

शालिनीबाई सुरुवातीला यात नव्हत्या. बाळ रडलं की त्यांचा हात आपोआप यशश्रीकडे जाई. "अहो, पाजू दे ना तिला. पोर रडतंय आणि तुम्ही घड्याळ काय बघता?"

"तोंड उघडलंय का बघ. मूठ?"

"मूठ नाही."

"किती वाजता प्यायली?"

"पाच दहाला," यशश्री आतून म्हणे.

"पन्नास मिनिटं झाली. मी चालतो."

"तन्मयच्या वेळी कुठं गेलं होतं हे चालणं?" शालिनीबाई एकदा म्हणाल्या. विश्वंभर टेबलाला दोन फेऱ्या घालून झाल्यावर म्हणाले, "बी शिफ्टला."

ते उत्तर बरोबर होतं. तन्मय दोन महिन्यांचा असताना विश्वंभर दुपारी दोनला जात आणि रात्री दहानंतर येत. मूल संध्याकाळी रडे. त्यांच्या आई म्हणाल्या होत्या, सुनेला दूध नाही. डबा आला. तीन आठवड्यांत शालिनीबाईंचं दूध खरोखरच आटलं, आणि मग आईंचं म्हणणं खरं ठरलं. ही गोष्ट घरात कोणी दुःखाची म्हणून सांगत नसे. तन्मय त्या दुधावर चांगला वाढला होता. नव्या डब्याची कंपनीसुद्धा शालिनीबाईंनी तीच शोधून आणली होती.

सगळं रडणं काही थांबत नव्हतं. रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास अवंती लाल होऊन रडे, पाय पोटाशी घेई, आणि चालणं, गुंडाळणं, दूध, काहीही केलं तरी अर्धा तास जाई. विश्वंभरांच्या कागदात कारणाचा रकाना होता. ते एक दिवस तिथं काही लिहू शकले नाहीत. प्लांटमध्ये कारण रिकामं ठेवता येत नसे. त्यांनी मोहनाला फोन लावला.

"माहीत नाही असं लिहा, काका."

"असं लिहिलेलं चालतं?"

"आमच्याकडे तेच जास्त असतं."

तिसऱ्या सोमवारी मोहना आली तेव्हा कागद तयार होता. दिवसाच्या पाळीत आठवड्याभरात अठ्ठावन्न वेळा रडणं. त्यांतल्या तेवीस वेळा भुकेची खूण, लगेच पाजलं. उरलेल्या पस्तीसपैकी चोवीस वेळा दुधाशिवाय थांबलं, अकरा वेळा शेवटी पाजावं लागलं. दिवसाचं दूध सरासरी नऊ वेळा. वजन चार किलो तीनशे साठ.

यशश्रीनं काट्यावरचा आकडा दोनदा पाहिला. "वाढलं की. दूध कमी वेळा पिऊनसुद्धा."

"मागच्या आठवड्यातही वाढलं होतं," मोहना म्हणाली. "कमी पडत असतं तर ते वजनात दिसलं असतं. पण एका घरावरून मी काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही. पुष्कळ घरं व्हायचीत अजून."

"तुझं सिद्ध होऊ दे तेव्हा होऊ दे," विश्वंभर म्हणाले. "आमच्या युनिटचं झालं."

शालिनीबाई कागदाकडे पाहत होत्या. चष्मा लावून त्यांनी चोवीसचा आकडा शोधला आणि त्यावर बोट ठेवलं.

"या चोवीस वेळा मी तिला दूधच दिलं असतं."

त्यांनी चष्मा काढून मोहनाकडे पाहिलं.

"मोहना, मग माझंही कमी नव्हतं म्हणायचं? तन्मयच्या वेळी?"

मोहना हो म्हणू शकली असती. "ते आता सांगता येणार नाही, काकू. तुमचा तक्ता नाही."

"खरं आहे," शालिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि फ्रिजवरचा डबा काढला. त्यावर दोन आठवड्यांची धूळ बसली होती. ती पदरानं पुसली. "अहो, दुकानाची चिठ्ठी आहे ना? आहेच तुमच्याकडे. सील तसंच आहे, घेईल तो परत."

चिठ्ठी वहीत होती. संध्याकाळी सव्वासहाला विश्वंभर डबा घेऊन खाली उतरले. दुकानदारानं डबा फिरवून झाकण पाहिलं.

"खोल्यो नथी ने, काका?"

"नथी."

"बेबी शांत थई गई?"

"ना," विश्वंभर म्हणाले. "पण क्यारे रडे छे ते हवे खबर छे."

रडणं थांबलं नाही, पण कधी रडते ते कळतं, ही बातमी आहे की तक्रार, ते दुकानदाराला कळलं नाही. डब्याच्या बदल्यात त्यानं लंगोटांचे दोन पुडे दिले.

ते घरी आले तेव्हा सात वाजत आले होते. यशश्री आतल्या खोलीत झोपली होती, दार लोटलेलं. पुढच्या खोलीत शालिनीबाई जेवणाच्या टेबलाभोवती चालत होत्या, उजवीकडून, खांद्यावर बाळ. बाळ गप्प होतं. त्यांनी नवऱ्याला हातानंच थांबवलं आणि आणखी अर्धी फेरी पुरी करून खुर्चीवर बसल्या.

"कितीला सुरू झालं?" विश्वंभरांनी हळू विचारलं.

"लिहिलंय."

"कुठं?"

त्यांनी हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं. कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकटीत, बारीक अक्षरात होतं: सहा बत्तीस ते सहा एकावन्न. मूठ नाही. पाजलं नाही. कारण: माहीत नाही.

विश्वंभरांनी चष्मा पुसला, कागद काढला आणि ते तसंच्या तसं उतरवून घेतलं.